वाघबारशीआधीची काकडी

"देव जेवल्याबिगर मी जेवत नाय, मग तुझा मोबाईल कसा जेवंल?"

हे लाडकी आपल्या मुलीला म्हणाली होती. दोन हजार सतराचा भाद्रपद होता. मसोलीत, डहाणू रोड स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका चिकूच्या वाडीत, त्यांच्या खोलीमागच्या कुंपणावर काकडीचा वेल चढला होता आणि त्याला पहिली काकडी धरली होती. मुलगी सरिता तेव्हा बारावीला. तिला ती काकडी किसून, पिठात कालवून, पानात बांधून उकडलेली हवी होती, आणि ते सगळं व्हिडिओत हवं होतं. लाडकीनं वेलाचं एक रुंद पान काकडीवर ओढलं, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून पदर ओढतात तसं, आणि ती कामाला निघून गेली.

लाडकीचं सासर तलासरीच्या पूर्वेला, उधव्याच्याही पुढे, जिथं रस्ता चढणीला लागतो आणि भाताची शेतं लहान लहान होत डोंगराला टेकतात. तिथल्या पाड्याची रीत अशी की नवं पीक आधी देवाला, मग माणसाला. काकडीचा दिवस वाघबारशीचा, दिवाळीच्या तोंडावरचा. त्या दिवशी शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापुढे सावेल्या ठेवतात. किसलेली काकडी, तांदळाचं पीठ आणि गूळ रानकेळीच्या पानात बांधून वाफवलं की सावेली होते. देवाचं झालं की घरोघर पानं मांडतात. तोवर काकड्या वेलांवर लोंबत राहतात, हिरव्याच्या पिवळ्या होतात. पोरं खालून जातात, वर बघतात. राखणीला कोणी नसतं. तरी कोणी तोडत नाही. ही एवढी मोठी गोष्ट त्या पाड्यात इतकी सहज होती की तिच्याबद्दल कोणी बोलतही नसे.

लाडकीचं लग्न झालं तेव्हा दोघा भावांत शेत एकच होतं, आणि ते एकालाच पुरेल एवढं. थोरला लक्ष्या डोंगरात राहिला. धाकटा हाल्या, लाडकीचा नवरा, तिला घेऊन समुद्राकडे उतरला. वाडीवर त्याच्या हातात बेडणी आली, लांब बांबूच्या टोकाला जाळी लावलेली, चिकू काढायची. लाडकी खाली बसून माल निवडू लागली. लहान एकीकडे, मोठा एकीकडे, डागी वेगळा. वाडीतच खोली मिळाली. सरिता त्याच खोलीत वाढली; तिला समुद्राचा वारा कळतो, डोंगराचा कळत नाही.

पाड्याला जाणं सुटलं नाही. सणाला, मयताला, लग्नाला तिघं जात. पण गेल्यावर लाडकीला दारातच कळे की काहीतरी बदललं आहे. थोरली जाऊ गंगी उठून पाट टाकायची.

"बस गं. तू पाहुणी."

"पाहुणी कसली? दे इकडं, मी करते."

"नको, नको. वाडीवालीला धूर सोसायचा नाय. तिकडं पंख्याखाली रांधत असशील."

बायका हसत. लाडकीही हसे. गंगीचं बोलणं वाईट नव्हतं, त्यात दुष्टावा नव्हता. होता तो मानच होता. पहिलं पान लाडकीपुढे येई. मात्र कुठल्याच कामाला तिला हात लावू देत नसत. इतका मान, की त्यातून आत जायला वाट नव्हती. आणि लाडकीला आत जायचं होतं. वाघबारशीला त्या चुलीपाशी इतर बायकांच्या रांगेत बसून काकडी किसायची, घामानं कपाळ भिजवायचं, कोणाला तरी शिव्या द्यायच्या आणि खायच्या. यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं.

व्हिडिओ सुरू झाले ते याच कारणानं, असं ती कधी म्हणाली नाही. सरिताकडे मोबाईल आला, नेट स्वस्त झालं होतं, वाडीतल्या पोरी दिवसभर दुसऱ्यांची स्वयंपाकघरं बघत. पंजाबी, चायनीज, केक. सरिता एक दिवस म्हणाली, "आय, तू नाचणीची आंबील करतेस ना, ती कोणी दाखवतच नाय." लाडकीनं आंबील केली. सरितानं शूटिंग केलं. आईचा चेहरा जवळजवळ नाहीच, फक्त हात, बांगड्या, मडकं. नाव ठेवलं 'डोंगराकडचं रांधण'.

मग सुकटीची चटणी झाली, करांद्याचे कंद उकडून झाले, चवळीच्या शेंगा झाल्या. लाडकी कॅमेऱ्यापुढे बोलत नसे. बोललीच तर चुलीशी बोले. "पेट ना गं, बाई." एवढंच. वाडीची मालकीण, शेठाणी, फेरी मारताना थांबायची आणि विचारायची, "शुं बनावे छे, लाडकी?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची.

बघणारे हळूहळू जमले. शहरातले लोक लिहीत, "आंटी, टेस्ट करके बताओ ना", "काकू, चव घ्या की, कसं लागतं सांगा." बाकीच्या सगळ्या व्हिडिओंत शेवटी कोणीतरी घास तोंडात घालून डोळे मिटतं, इथं पदार्थ व्हायचा आणि व्हिडिओ संपायचा. लाडकीला हे विचित्र वाटायचं. "जेवताना कोण बघू देतं का? आणि पहिला घास काय माझा हाय?" सरितानं तिला समजावणं सोडून दिलं.

दुसरेही लोक होते. सिल्वासाला कारखान्यात काम करणाऱ्या एकानं लिहिलं होतं, "मेसच्या डब्यात काय पण असो, समोर काकीचा व्हिडिओ लावून खातो." भिवंडीच्या एका मुलीनं लिहिलं, "आमची आजी असेच करांदे उकडायची. तुम्ही कोणत्या पाड्याच्या?"

सरितानं हे वाचून दाखवलं तेव्हा लाडकी निवडलेले चिकू खोक्यात भरत होती. तिनं हात थांबवले.

"काय लिहू?" सरितानं विचारलं.

लाडकीनं पाड्याचं नाव सांगितलं. मसोली नाही, वाडी नाही. सरितानं लिहिलं. कोणाला न विचारता आपण एक नाव अंगावर घेतलं, असं लाडकीला संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

हे नाव पाड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. गंगी म्हणाली म्हणे, "ऱ्हाते समुद्राकडं आणि नाव लावते डोंगराचं. आम्हांला शिकवते आता आमचंच रांधायला!"

त्या वर्षीची वाघबारस झाली. तिघं जाऊन आली. पाट, पहिलं पान, "बस गं". येताना गंगीनं पिशवीत काकड्या भरून दिल्या, पाहुण्यांना देतात तशा. दुसऱ्या दिवशी मसोलीत लाडकीनं त्यांच्या सावेल्या केल्या. आता देव जेवला होता, म्हणून तिनं सरिताला शूटिंग करू दिलं. आणि पान सोडल्यावर, कोणी न सांगता, तिनं एक तुकडा मोडून तोंडात घातला. सगळ्या व्हिडिओंत तिनं खाल्लेला हा एकच घास. खाताना ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. वाफेकडे बघत होती.

तो व्हिडिओ तसाच मोबाईलमध्ये राहिला. सरिताची परीक्षा आली, मग दुसरे पदार्थ आले, सावेल्या मागे पडल्या.

पुढच्या भाद्रपदात मोबाईलची जागा भरली. फोटो निघेना. सरितानं एक दुपार बसून जुनं जे जे राहिलं होतं ते सगळं नेटवर चढवलं आणि मोबाईलमधून काढून टाकलं. त्यात सावेल्याही गेल्या. आणि नेमका तोच व्हिडिओ धावला. काकूनं अखेर चव घेतली, म्हणून लोक खूश झाले. हजारोंनी बघितला.

बघणाऱ्यांत गंगीचा मुलगा विनोद होता. तो वापीकडे एका कंपनीत कामाला होता आणि शनिवारी घरी यायचा. त्यानं पाहिलं: काकी काकडीची सावेली खाते आहे. व्हिडिओखाली लिहिलं होतं, दोन दिवसांपूर्वी. पाड्यावर तेव्हा काकड्या हिरव्यागार लोंबत होत्या.

त्यानं कागाळी केली नाही. हसत हसतच घरी सांगितलं. पण त्या घरात हे हसण्यासारखं नव्हतं. देवाला नैवेद्य दाखवणारा हात लक्ष्याचा. त्याच्याच घरातल्या सुनेनं बारशीआधी नवं खाल्लं, तर तो वाघोबापुढे कोणत्या तोंडानं उभा राहणार?

लक्ष्याचा फोन आला. त्याचा आवाज मोठा. हाल्याच्या कानाला लावलेला मोबाईल सगळ्या खोलीला ऐकू येत होता.

"तुझ्या बायकोनं बारस मोडली."

"मागल्या सालचं हाय ते, दादा."

"मोबाईलवर लिहिलंय दोन दिवस. विनोदानं वाचलं. मोबाईल काय खोटं लिहितो?"

हाल्या कमी बोलणारा माणूस. मोबाईल खोटं लिहितो की खरं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

सरिता रडली. चूक तिची होती, आणि चूक केवढी आहे हे तिला आत्ता कळत होतं. "आय, मी पुसून टाकते. आत्ताच्या आत्ता."

"पुसू नको."

"अगं, पण सगळे बघतायत!"

"पुसलास तर मी खाल्ली असं होईल. न खाल्लेलं कशाला पुसायचं? ऱ्हाऊ दे."

नंतर तिनं व्हिडिओ करणं थांबवलं. सरितानं विचारलंही नाही. कोणी लिहीत होतं, "काकी कुठं गेल्या?" लाडकी चिकू निवडायची, डागी फळ हातात आलं की उगाच उलटसुलट करून बघत बसायची. कधी कधी तिला आपलीच शंका यायची. खाल्ली नव्हती ना? मग मनातल्या मनात ती मागच्या वर्षीचा तो दिवस पुन्हा उभा करी: जीप, पिशवी, पान, वाफ. दिवस जागच्या जागी असायचा. पण तिच्या एकटीच्या डोक्यात असलेला दिवस आणि हजारो लोकांच्या हातातला दिवस, यांत पाडा कोणता मानणार होता?

बारस जवळ आली तसा हाल्या म्हणाला, "यंदा नको जायला. मी एकटा जाऊन येतो."

"मी येणार."

"आत घेतलं नाय तर?"

"ओट्यावर बसेन. ओटा तरी माझ्या सासऱ्यानं बांधलाय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आज मी नाय गेले, तर उद्या हिच्या लग्नाला त्या पाड्यातून कोण येईल? मांडव काय शेठाणी घालंल?"

तिघं गेली. तलासरीच्या नाक्यापासून पुढे जीप, आणि जीप सोडल्यावर चाल. वाटेनं भात कापणीला आलेलं, काही कापून पसरलेलं. शेतातल्या माणसांनी हाल्याला हाक मारली. लाडकीला नाही.

घरात बायका जमल्या होत्या. चुलीवर मोठं भांडं चढवायचं होतं, सूप भरून पीठ चाळलेलं, पिवळ्या काकड्यांचा ढीग. गंगी दारात आली. यावेळी पाट टाकला नाही. "बस" म्हणाली नाही. आत वळून नुसतं म्हणाली, "आली."

लक्ष्या खांबाला टेकून उभा होता. तो भावाकडे बघून बोलला. "तू आत ये. पोरीला घे. तुझी बायको बसंल बाहेर. देवाचं होईपर्यंत तिचा हात नको लागायला."

लाडकी ओट्याच्या कडेला बसली. तिनं पदर सारखा केला आणि समोरच्या वाटेकडे बघत राहिली. सरिता आत गेली नाही. ती आईच्या शेजारी उभी राहिली, आणि तिच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "तुमी कोणी बघितला तरी का तो व्हिडिओ?"

आत किसण्याचा आवाज थांबला.

पाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई भिकी, तिला सगळे आजीच म्हणत, चुलीपाशी पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "खरं सांगू? मी नाय बघितला. नुसतं ऐकते दोन महिने. कान किटले. तू बघितलास गं, गंगी?"

"मला काय बघायचंय? विनोदानं बघितला."

"म्हंजे एकट्या विनोदानं बघितला आणि निवाडा सगळ्या पाड्यानं केला! दाखव रे पोरा. हाय का तुझ्याकडं?"

पाड्यात रेंज नव्हती, पण विनोदनं व्हिडिओ उतरवून ठेवला होता. त्यानं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग विनोदनं मोबाईल काढून उलट्या ठेवलेल्या पाटीला टेकवला आणि बायका ओल्या हातांनी भोवती सरकल्या.

लाडकी बाहेरून फक्त आवाज ऐकत होती. तिचेच हात आत काकडी किसत होते.

"हिचे हात काळे कसे झाले गं? चिकूचा चीक असंल."

"बांगडी बघ, लग्नातली अजून हाय."

"गूळ किती घालते ती! एवढा गूळ वाडीवालेच घालू शकतात."

"गप बसा, बघू द्या," भिकी म्हणाली. "पान बरोबर धरलंय. शीर बाहेर. आपल्याकडंच असं धरतात, खालच्या पाड्यात उलटं धरतात."

"मी शिकवलं होतं तिला पान धरायला," गंगी म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हा. केळीच्या पानाला अशी घाबरायची, जसं काय फाटलं तर मीच मारीन..."

मध्येच ती थांबली.

"विनोद. मागं ने."

"काय?"

"मागं ने ते. काकडी किसायच्या आधी. सगळ्या ठेवल्यात तिथं."

विनोदनं मागे नेलं. गंगीनं मोबाईल उचलून डोळ्यांजवळ धरला. तिची बोटं पिठाची होती. पडद्यावर पांढरे डाग उमटले, ते तिनं पदरानं पुसले आणि पुन्हा बघितलं. चुलीतलं लाकूड तेवढं फुटलं.

गंगीला तेव्हा गप्प राहता आलं असतं. जे तिनं पाहिलं ते तिच्याखेरीज कोणालाच ओळखता आलं नसतं. मोबाईल पुन्हा पाटीला टेकवला असता, पीठ मळायला घेतलं असतं, तर लाडकी ओट्यावरच राहिली असती, आणि घरातलं सगळं होतं तसं चाललं असतं.

"ही माझी काकडी हाय," ती म्हणाली.

"काय बोलतेस?" लक्ष्या पुढे आला.

"ही वाकडी. मधेच चपटी झालेली. कुंपणातल्या दोन दगडांत अडकून वाढली होती, मागल्या साली. काढताना माझा हात खरचटला. बारशीच्या संध्याकाळी मीच हिच्या पिशवीत घातली." तिनं मोबाईल नवऱ्यापुढे धरला. "आपल्या वेलाची हाय. माझ्या हातानं दिलेली. देव जेवल्यावर."

"आणि पिवळी तर बघा केवढी," भिकी म्हणाली. "भादव्यात अशी काकडी कोणाच्या बापानं बघितली? विनोद, डोळे कंपनीत गहाण टाकलेस का रे?"

विनोद ओशाळून हसला. "मी तारीख बघितली, आजी. काकडी कोण बघतं?"

बायकांत एकदम हशा पिकला. लक्ष्या हसला नाही. त्यानं मोबाईल हातात घेतला, बोटानं खाली सरकवायला पाहिलं, जमलं नाही. "मग तेव्हा दोन दिवस लिहिलं होतं ते? ते खोटं?"

सरिता दारात आली होती. "खोटं नाय, मोठे बाबा. कधी टाकला ते लिहितो तो. कधी खाल्ली ते त्याला नाय कळत. टाकायची चूक माझी झाली."

"म्हंजे मोबाईलला बारस कळत नाय," भिकी म्हणाली. "आणि आपण त्याला पंचांत बसवला!"

लक्ष्यानं मोबाईल मुलाच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर आला. भावजयीशी तो सरळ कधी बोलत नसे. आजही वाटेकडेच बघून म्हणाला, "वाघोबाकडं उन्हं उतरायच्या आत जायचंय. उशीर करू नका." आणि कोयता घेऊन शिवेकडे, दगडाभोवतीचं गवत काढायला गेला. हाल्या त्याच्या मागोमाग गेला.

लाडकी उठून दारात उभी राहिली. आत यायचं की नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. गंगी पुन्हा पिठाकडे वळली होती. तिनं वर न बघता बोलायला सुरुवात केली, चिडल्यासारखी.

"गूळ जास्त घातलास. एवढ्या गुळानं काकडीचा वास मरतो. आणि मिठाचा खडा कुठंय? मिठाबिगर सावेली कोण करतं? हजार लोकांनी बघितलं म्हणे. हजार लोकांना बिनमिठाची सावेली शिकवलीस आमच्या पाड्याच्या नावानं!"

"आमच्या म्हणाली," भिकी शेजारणीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"मग कोणाच्या म्हणू? तिनंच तर लिहिलंय." गंगीनं पिठात हात घातला, ते कोरडं होतं. तिनं मागे वळून कोपऱ्यात पाहिलं. "हंडा रिकामा हाय. उभी काय ऱ्हायलीस पाहुणीसारखी? हितं एवढ्या बायांचं काम खोळंबलंय. जा, विहिरीवरून भरून आण."

लाडकी आत आली. चुलीला वळसा घालून, बायकांच्या पसरलेल्या पायांमधून वाट काढत कोपऱ्यात गेली. खुंटीवरची चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा कमरेला लावला, आणि ती विहिरीच्या वाटेला लागली.